रस्ता सर्वांचा, नाका कोणाचा?



आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता दोन असंबद्ध गोष्टींचा आहे. इंटरनेटवर पाहिले जाणारे गाण्यांचे व्हिडिओ ही एक गोष्ट आणि ओपन सोर्स, म्हणजे मुक्तस्रोत पद्धतीने चालणारे वेबचे बांधकाम ही दुसरी. पहिली गोष्ट करमणुकीची म्हणून सोडून दिली जाते. दुसरी तंत्रज्ञांची म्हणून बाजूला ठेवली जाते. चळवळीच्या कार्यकर्त्याने यात लक्ष का घालावे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. परंतु संपत्ती कोणाच्या श्रमातून निर्माण होते आणि तिच्यावर ताबा कोणाचा राहतो, हा ज्यांच्या विचाराचा गाभा आहे, त्यांना या क्षेत्राकडे पाठ फिरविता येणार नाही. सामायिक श्रमातून बांधलेला रस्ता आणि त्या रस्त्यावर उभा राहिलेला खाजगी नाका हे दृश्य आज येथे जितके स्पष्ट दिसते, तितके ते फार थोड्या ठिकाणी दिसत असेल.

२०२० सालच्या एका घटनेवरून हे चांगले समजते. त्या वर्षी २३ ऑक्टोबर रोजी अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने, आरआयएएने, गिटहब या संस्थळाला कायदेशीर नोटीस दिली. गिटहब म्हणजे जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड जेथे ठेवतात आणि एकत्र येऊन सुधारतात ते ठिकाण. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१८ साली साडेसात अब्ज डॉलर मोजून ते विकत घेतले. नोटीस होती 'यूट्यूब-डीएल' नावाच्या एका आज्ञावलीविरुद्ध. यूट्यूबसारख्या संस्थळावरचा व्हिडिओ स्वतःच्या संगणकावर उतरवून घेण्याचे हे साधन २००६ पासून अस्तित्वात होते आणि स्वयंसेवक त्याची देखभाल करीत होते. हे साधन म्हणजे कुलूप तोडण्याची पहार आहे, असे संघटनेचे म्हणणे होते. पुरावा म्हणून तिने कोडमधल्या चाचण्यांकडे बोट दाखविले. साधन नीट चालते की नाही हे तपासण्यासाठी त्या चाचण्यांत टेलर स्विफ्ट, जस्टिन टिंबरलेक आणि आयकोना पॉप यांच्या गाण्यांच्या व्हिडिओंचे पत्ते दिलेले होते. गिटहबने तो कोड काढून टाकला.

त्यानंतर काय घडले हे पाहण्यासारखे आहे. कोडच्या प्रती असंख्य लोकांकडे होत्या. त्या ठिकठिकाणी पुन्हा प्रकट झाल्या. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या नागरी हक्कांच्या संस्थेने स्वयंसेवकांची बाजू मांडली. यूट्यूब जो कोड प्रत्येक ब्राउझरकडे पाठविते तोच चालवून हे साधन व्हिडिओपर्यंत पोहोचते. जे काम ब्राउझर करतो तेच ते करते, त्यात कोणतेही कुलूप तुटत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. चाचण्यांत त्या गाण्यांचे काही सेकंदच घेतले जात होते. तेवढा भागही काढून टाकण्यात आला. १६ नोव्हेंबरला गिटहबने कोड पूर्ववत जागेवर ठेवला आणि अशा प्रसंगी प्रोग्रॅमरांच्या बचावासाठी दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला.

पण प्रकरण तेथे संपले नाही. जर्मनीत सोनी, युनिव्हर्सल आणि वॉर्नर या तीन बड्या संगीत कंपन्यांनी या साधनाचे माहितीपान ज्या छोट्या कंपनीच्या यंत्रावर ठेवलेले होते, तिलाच न्यायालयात खेचले. २०२३ च्या मार्चमध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयाने त्या कंपनीच्या विरोधात निकाल दिला. म्हणजे कोड लिहिणाऱ्याला गाठता आले नाही, तर त्याला जागा देणाऱ्याला गाठावयाचे. गिरणीच्या संपात मजुरांना खोली देणाऱ्या चाळमालकाला दम देण्याची रीत ज्यांना माहीत आहे, त्यांना यात नवल वाटू नये.

इतिहासाचा एक विनोदही येथे नोंदविला पाहिजे. घरात बसून दूरचित्रवाणीचा कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवणारे यंत्र बाजारात आले, तेव्हा चित्रपट कंपन्यांनी त्याच्यावर खटला भरला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली पाच विरुद्ध चार मतांनी यंत्र बनविणाऱ्याच्या बाजूने कौल दिला. ज्या साधनाचा मोठा वैध उपयोग आहे, त्याच्या निर्मात्याला काहींच्या गैरवापरासाठी दोषी धरता येत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. त्या खटल्यातील यंत्रनिर्माती कंपनी होती सोनी. पुढे १९८८ साली सोनीने सीबीएस ही ध्वनिमुद्रण कंपनी विकत घेतली आणि गाण्यांची मालकी हाती आल्यावर तिचे हितसंबंध दुसऱ्या बाजूला गेले. तत्त्वे मालकीबरोबर कशी बाजू बदलतात, याचे हे उदाहरण आहे.

यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो आणि त्याचे उत्तर दिलेच पाहिजे. गाणे फुकट उतरवून घेणे म्हणजे गाणाऱ्याच्या पोटावर पाय नव्हे काय? कलावंत हा श्रमिक आहे आणि त्याच्या श्रमाचे मोल त्याला मिळालेच पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु प्रश्न असा की आज ते मोल कोणाच्या हातून, कोणत्या अटींवर मिळते? जुलै २०२१ ते जून २०२२ या बारा महिन्यांत संगीत उद्योगाला सहा अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिल्याचे यूट्यूबने जाहीर केले. 'उद्योगाला' हा शब्द महत्त्वाचा आहे. ती रक्कम प्रथम हक्कधारक कंपन्यांकडे जाते. गायक, वादक, गीतकार यांच्या वाट्याला काय येते हे त्यांनी कधी काळी केलेल्या करारावर ठरते. पायवाटेने जाणाऱ्या एकट्यादुकट्यावर आरोप करणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा, एवढीच अपेक्षा आहे.

*रस्ता कसा बांधला गेला*

आता रस्त्याकडे वळू. वेबचे मूळ तंत्र जिनिव्हाजवळच्या सर्न या सार्वजनिक संशोधनसंस्थेत निर्माण झाले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ते कोणतेही शुल्क न घेता सर्वांना खुले केले. त्याआधी १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त आज्ञावलीची चळवळ सुरू केली होती आणि १९९१ साली लिनस तोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा पाया घातला होता. व्हिडिओच्या बाबतीत २००० साली फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेला एफएफएमपेग हा प्रकल्प निर्णायक ठरला. एका स्वरूपातील ध्वनी वा चित्रफीत दुसऱ्या स्वरूपात नेण्याचे काम तो करतो आणि आज इंटरनेटवरील असंख्य व्हिडिओसेवांच्या पोटात तो चालतो. गाणे ऐकणाऱ्याला त्याचे नावही ठाऊक नसते. पाणी पिणाऱ्याला नळ दिसतो, जमिनीखालची वाहिनी दिसत नाही, तसे हे आहे.

ब्राउझरमध्ये व्हिडिओ दिसण्यासाठी मात्र पुष्कळ काळ फ्लॅश या एका कंपनीच्या बंदिस्त साधनावर अवलंबून राहावे लागे. २००७ साली ऑपेरा या ब्राउझरच्या लोकांनी असे सुचविले की चित्राप्रमाणेच व्हिडिओलाही वेबच्या भाषेत स्वतःची खूण असावी. खूण मान्य झाली. पण व्हिडिओचे स्वरूप कोणते, यावर एकमत होईना. एका बाजूला एच-२६४ हे पेटंटांनी वेढलेले स्वरूप, दुसऱ्या बाजूला थिओरा हे मुक्त स्वरूप. २००९ साली प्रमाणकाच्या मसुद्यातून स्वरूपाची अट काढूनच टाकावी लागली. २०१० साली गूगलने विकत घेतलेले एक स्वरूप खुले केले. २०१५ साली यूट्यूबने फ्लॅश सोडून ही नवी पद्धत मूळ पद्धत म्हणून स्वीकारली. त्याच वर्षी गूगल, मोझिला, नेटफ्लिक्स, ॲमेझॉन, सिस्को, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एक आघाडी स्थापन केली आणि २०१८ साली तिने एव्ही-१ हे विनाशुल्क वापरता येणारे स्वरूप जाहीर केले. २०२० च्या अखेरीस फ्लॅशला मूठमाती मिळाली.

या विजयाचा अर्थ नीट लावला पाहिजे. बड्या कंपन्या एकाएकी लोकहितवादी झाल्या नाहीत. नव्या बंदिस्त स्वरूपांवरील पेटंटशुल्काचा बोजा त्यांना नको होता. रस्त्यावर कोणी दुसऱ्याने टोल घेऊ नये, एवढ्यापुरता त्यांना रस्ता मुक्त हवा होता. त्या स्वार्थातून जगाचा फायदा झाला हे खरे. पण जो स्वार्थ आज रस्ता खुला करतो तोच उद्या त्यावर नाका उभारू शकतो.

खुल्या रस्त्यामुळे कलेत काय शक्य झाले, हेही पाहिले पाहिजे. २००८ साली रेडिओहेड या इंग्रज वाद्यवृंदाने आपल्या एका गाण्याचा व्हिडिओ कॅमेऱ्याऐवजी लेसर मोजणीयंत्रांनी तयार केला आणि त्यातून मिळालेली माहिती जगासाठी खुली केली. कोणीही तिच्यावरून स्वतःचा व्हिडिओ बनवावा. २०१० साली आर्केड फायर या कॅनडातील वाद्यवृंदाचा असा एक व्हिडिओ आला की पाहणाऱ्याने बालपणीच्या घराचा पत्ता दिला म्हणजे त्याच्याच गल्लीची दृश्ये गाण्यात मिसळून ब्राउझरच्या अनेक खिडक्यांत उमटत. त्याच वर्षी रिकार्दो काबेयो यांनी थ्री-जेएस हे ब्राउझरमध्ये त्रिमिती चित्र उभे करणारे साधन खुले केले आणि पुढे जगभरच्या शिकाऊ मुलांच्या हाती ते आले. पाहणारा केवळ ग्राहक राहिला नाही, तो हात लावू शकला, शिकू शकला. परंतु रेडिओहेडची ती माहिती ज्या गूगल कोड नावाच्या ठिकाणी ठेवली होती, ते ठिकाण कंपनीने २०१६ साली बंद केले. माहिती खुली असल्याने तिची प्रत गिटहबवर, म्हणजे दुसऱ्या एका कंपनीच्या दारात, ठेवता आली. वस्तू सर्वांची, पण ती ठेवण्याचे कपाट खाजगी, हा पेच येथे पुन्हा दिसतो.

*नाका कसा उभा राहिला*

यूट्यूब २००५ साली सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी गूगलने ते एक अब्ज पासष्ट कोटी डॉलरना घेतले. त्याची ताकद किती वाढली, हे दोन घटनांवरून कळते. २००८ च्या डिसेंबरमध्ये वॉर्नर कंपनीने पैशाच्या वादातून आपले व्हिडिओ तेथून काढून घेतले. नऊ-दहा महिन्यांत ती परत आली. २००९ च्या डिसेंबरमध्ये युनिव्हर्सल आणि सोनी यांनी व्हेवो ही स्वतःची संगीतव्हिडिओ सेवा काढली. तिचे व्हिडिओ यूट्यूबवर दिसत राहिले, शिवाय स्वतःचे संस्थळही होते. २०१८ साली व्हेवोने स्वतःचे संस्थळ गुंडाळले आणि यूट्यूबवरच भर दिला. ज्यांच्या हाती जगातील गाण्यांचा मोठा हिस्सा आहे त्यांनाही स्वतःचे दुकान चालविता आले नाही, तेथे गावातल्या शाहिराने काय करावे?

मुक्त आज्ञावलीच्या आधारावर अशी मक्तेदारी उभी कशी राहू शकते? याचे एक उत्तर परवान्यांच्या शब्दांत आहे. स्टॉलमन यांच्या जीपीएल परवान्याची अट अशी की जो कोणी सुधारलेली आज्ञावली दुसऱ्याला देईल, त्याने तिचा कोडही द्यावा. परंतु व्हिडिओसेवा आपली आज्ञावली कोणाला देतच नाही. ती स्वतःच्या यंत्रावर चालविते आणि लोकांना फक्त तिचा परिणाम दाखविते. त्यामुळे ही अट तिला लागूच होत नाही. ही पळवाट बुजविण्यासाठी २००७ साली एजीपीएल हा वेगळा परवाना काढण्यात आला. त्यानुसार सेवा म्हणून वापरू देणाऱ्यालाही कोड द्यावा लागतो. तात्पर्य, 'खुले' आणि 'सामायिक' हे दोन शब्द समानार्थी नाहीत. जे खुले आहे ते कोणीही उचलू शकतो, आणि ज्याच्याकडे मोठी गाडी आहे तो सर्वांत जास्त उचलतो.

दुसरे उत्तर बिनमोल श्रमात आहे. २०१४ साली हार्टब्लीड नावाचा सुरक्षादोष उघडकीस आला, तेव्हा जगाच्या इंटरनेट व्यवहाराचा मोठा भाग ज्या आज्ञावलीवर विसंबून होता, तिची काळजी मूठभर माणसे अत्यल्प मोबदल्यात घेत होती, हे साऱ्यांना कळले. २०२५ साली गूगलच्या यंत्रबुद्धीने एफएफएमपेगमधील दोष शोधून कळविले, तेव्हा त्या प्रकल्पाच्या लोकांनी जाहीरपणे विचारले की एवढ्या श्रीमंत कंपनीने दोषाबरोबर दुरुस्ती किंवा पैसा का पाठवू नये. प्रश्न रास्त आहे. रस्त्यावरचे खड्डे मोजायला यंत्रे आहेत. ते बुजवायला स्वयंसेवक आहेत.

तिसरे उत्तर कुलुपाचे. वेबची प्रमाणके ठरविणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने २०१७ च्या सप्टेंबरमध्ये चित्रफितींना डिजिटल कुलूप लावण्याची सोय खुद्द प्रमाणकात दाखल केली. संशोधकांना आणि अपंग वाचक-प्रेक्षकांसाठी काम करणाऱ्यांना संरक्षण देण्याची मागणी मान्य झाली नाही, म्हणून इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने त्या संस्थेचा राजीनामा दिला. ज्या वेबची सुरुवात सार्वजनिक संस्थेच्या दानाने झाली, त्याच्याच घटनेत आता कुलुपाचे कलम आले.

*महाराष्ट्राने काय घ्यावे*

महाराष्ट्राला हा पेच नवा नाही. ऊस शेतकऱ्याच्या रानात होता, पण भाव कारखान्याच्या फाटकावर ठरत होता. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी ओळखले ते हेच, की रान आपले असून भागत नाही, कारखानाही आपला असावा लागतो. पुढे सहकारातही सत्ता थोड्या हातांत कशी एकवटली, हा अनुभवही याच भूमीचा आहे. म्हणून केवळ संस्था काढून काम होत नाही. ती लोकांच्या ताब्यात राहील अशी दक्षता रोज घ्यावी लागते.

येथील गाण्याची परंपराही मूळची सामायिक आहे. सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलसे, शाहिरी, कलापथके, भीमगीते ही गाणी कोणा कंपनीच्या भांडवलावर जन्मली नाहीत. कॅसेटच्या काळात ती गावोगाव पोहोचली, आज ती व्हिडिओच्या रूपाने यूट्यूबवर ऐकली जातात आणि ज्यांच्यासाठी दूरदर्शनचे दार क्वचितच उघडत असे अशा गायकांना तेथे श्रोते मिळाले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याच ठिकाणी २००७ पासून कंटेंट आयडी नावाची स्वयंचलित तपासणी चालते. कंपनीने नोंदविलेल्या ध्वनिमुद्रणाशी साम्य आढळले तर यंत्र दावा लावते आणि त्या व्हिडिओचे उत्पन्न दावेदाराकडे जाऊ शकते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चाल कोणाची, हे यंत्राला कळत नाही; ज्याने नोंद केली त्याची, एवढेच त्याला कळते. दाद मागता येते, पण ती प्रथम नाकेदाराकडेच मागावयाची असते.

काही दिलासा देणाऱ्या गोष्टीही घडल्या आहेत. भारतात २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटासाठी लिहिलेल्या व रचलेल्या गीतसंगीतावरील गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनाचा वाटा कराराने हिरावून घेता येणार नाही, असे ठरले. संसदेत त्यासाठी जावेद अख्तर यांनी आग्रह धरला होता. म्हणजे वाटणीचा नियम बाजार ठरवितो असे नाही, कायदा तो बदलू शकतो. फ्रान्समधील फ्रामासॉफ्ट या ना-नफा संस्थेने २०१८ साली पीअरट्यूबची पहिली स्थिर आवृत्ती काढली. कोणतीही संस्था आपल्या यंत्रावर ते बसवू शकते, अशी अनेक छोटी ठिकाणे परस्परांशी जोडली जातात आणि पाहणाऱ्यांचे ब्राउझरही व्हिडिओचे तुकडे एकमेकांना देऊन भार उचलू शकतात. त्याचा परवाना एजीपीएल आहे. २०२४ साली जर्मनीच्या सार्वजनिक निधीने एफएफएमपेगला अर्थसाहाय्य दिले. रस्ता सार्वजनिक असेल तर त्याच्या देखभालीचा खर्चही सार्वजनिक तिजोरीतून व्हावा, हे तत्त्व तेथे मान्य झाले. भारत सरकारनेही २०१५ साली मुक्तस्रोत आज्ञावलीच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले आहे. पण वापर करावयाचा आणि देखभालीला पैसा द्यावयाचा नाही, असे ते राहिले तर तेही सवलतीत मिळालेले श्रमच ठरतील.

अर्थात पीअरट्यूबने यूट्यूबची जागा घेतली, असे कोणी म्हणू नये. श्रोते तेथे थोडे आहेत, साठवणुकीला पैसा लागतो आणि चालविणारी माणसे लागतात. नाका सोडून आडरानाने जा, असे कार्यकर्त्यांना सांगणे सोपे आहे. सभेला माणसे मात्र हमरस्त्यानेच येतात. म्हणून बहिष्काराची भाषा येथे उपयोगाची नाही. उपयोगाची आहे ती तयारीची.

त्या तयारीची पहिली पायरी अगदी साधी आहे. प्रत्येक कलापथकाने आपल्या गाण्यांचे मूळ ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण स्वतःजवळ, मुक्त स्वरूपात, किमान दोन ठिकाणी जपावे. यूट्यूबवरची प्रत ही प्रदर्शनाची प्रत आहे, संग्रहाची नव्हे. दुसरी पायरी नोंदीची. गाणे कोणी लिहिले, चाल कोणाची, परंपरेची असल्यास कोठून घेतली, वापराला परवानगी कोणत्या अटीवर आहे, हे लिहून ठेवावे, म्हणजे उद्या दावा लागला तर उत्तर देता येईल. तिसरी पायरी शिक्षणाची. तालुक्याच्या गावातील अभियांत्रिकी वा तंत्रनिकेतनात शिकणारी मुले चळवळीच्या अवतीभवती आहेत. त्यांच्या हाती एखाद्या संस्थेचे छोटे व्हिडिओस्थळ उभारण्याचे काम दिले तर त्यांना शिक्षण मिळेल आणि संस्थेला स्वतःचे घर. चौथी पायरी मागणीची. सरकारी पैशातून विकत घेतली जाणारी आज्ञावली मुक्त असावी, सामायिक आज्ञावलींच्या देखभालीसाठी सार्वजनिक निधी असावा, आणि स्वयंचलित दाव्यांविरुद्ध दाद मागण्यासाठी कंपनीबाहेरची, कायद्याने बांधलेली यंत्रणा असावी, या तीन गोष्टी जाहीरनाम्यात येण्याजोग्या आहेत.

या मागण्या लहान वाटतील. पण पाण्याच्या, जमिनीच्या आणि वीजेच्या प्रश्नातही लढे प्रथम अशाच लहान मागण्यांनी उभे राहिले. गाणे हे चळवळीचे जुने हत्यार आहे. ते ज्या यंत्रांतून आज लोकांपर्यंत जाते, ती यंत्रे चालविणारे स्वयंसेवक हे श्रमिकच आहेत. त्यांची आणि शाहिराची ओळख एकमेकांना करून देणे, हे काम कार्यकर्त्यांना करता येण्यासारखे आहे आणि ते पुढच्या जत्रेची, पुढच्या जयंतीची वाट न पाहता सुरू करावे.